पेनड्राइव्हची हरवलेली जागा

बहुतेक घरांत एखादा तरी असा पेनड्राइव्ह निघतो, ज्याच्यावर ३२ जीबी छापलेले असते आणि संगणक मात्र ४ जीबी दाखवतो, कधी तर नुसते काही एमबी. लोक म्हणतात, ‘खराब झाला’, आणि नवा आणतात. आमच्या माहूर-किनवट भागात डोंगरांमुळे नेटचा भरवसा नाही. त्यामुळे बालभारतीच्या उर्दू पुस्तकांच्या पीडीएफ, इनपेजमध्ये टाइप केलेल्या प्रश्नपत्रिका, निकाहाचे चित्रीकरण, दादीच्या आवाजातल्या कहाण्या, सगळे पेनड्राइव्हवरच असते. म्हणून जागा परत मिळवण्याआधी ती गेली कशी, हे पाहावे असे आम्ही वर्गात आणि घरी नेहमी सांगतो.

थोडी तूट ही तूटच नसते. कंपनी १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरते, विंडोज १०७ कोटींच्या वर धरते. त्यामुळे ३२ चे २९.८ आणि ६४ चे ५९.६ दिसणारच. त्यासाठी दुकानात जाऊ नये.

दुसरा प्रकार फसवा आहे. पेनड्राइव्ह उघडला तर रिकामा किंवा नुसते शॉर्टकट, पण प्रॉपर्टीजमध्ये २० जीबी भरलेले. ही जागा हरवलेली नाही. व्हायरसने फाइली लपवल्या आहेत. आमच्या ओळखीच्या एका घरी असेच झाले. ‘जागा मोकळी करून द्या’ म्हणून पेनड्राइव्ह दुकानात दिला, तिथे तो फॉरमॅट झाला आणि वलीम्याचे सगळे फोटो गेले. खरे तर काम एका ओळीचे होते. आधी अँटिव्हायरस फिरवायचा, मग कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘अॅट्रिब’ ही आज्ञा वजा-एच, वजा-आर, वजा-एस या खुणांसह त्या ड्राइव्हच्या अक्षरावर चालवायची. फोल्डरही उघडे व्हावेत म्हणून शेवटी तिरपी रेघ-एस आणि तिरपी रेघ-डी जोडायचे. लपलेले सगळे समोर येते.

तिसरा प्रकार खरोखर जागा परत मिळण्याचा. संगणकात लिनक्स टाकण्यासाठी कुणी तो पेनड्राइव्ह वापरला, की त्याचे तुकडे पडतात. त्यातला एखादा लहान तुकडाच विंडोजला ओळखता येतो, बाकीचे दिसत नाही. साध्या फॉरमॅटने फक्त तो लहान तुकडाच साफ होतो, म्हणून लोक चार-चार वेळा फॉरमॅट करूनही ४ जीबीवरच राहतात.

यावर उपाय विंडोजमध्येच आहे. आधी पेनड्राइव्हवरचे जे हवे ते संगणकात उतरवून घ्यावे आणि ते उघडते का, पाहावे. मग कमांड प्रॉम्प्ट अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून ‘डिस्कपार्ट’ आणि त्यात ‘लिस्ट डिस्क’ टाइप करावे. (अक्षरे अर्थातच इंग्रजी.) इथे घाई नको, चहा बाजूला ठेवावा. यादीत संगणकाची स्वतःची डिस्कही असते, बहुधा क्रमांक ० वर. चुकून दुसरीच डिस्क निवडली तर तिच्यावरचे सगळे जाऊ शकते. आकार पाहून ओळखावे. शंका असेल तर पेनड्राइव्ह काढून पुन्हा यादी मागवावी. जो क्रमांक नाहीसा झाला, तो आपला. पेनड्राइव्ह पुन्हा लावल्यावर यादी परत एकदा पाहावी. मग ‘सिलेक्ट डिस्क’ आणि तो क्रमांक, पुढे ‘क्लीन’, ‘क्रिएट पार्टिशन प्रायमरी’, ‘फॉरमॅट एफएस=एक्सफॅट क्विक’ आणि शेवटी ‘असाइन’. दोन मिनिटांत पूर्ण जागा दिसते. एक्सफॅट अशासाठी की फॅट३२ मध्ये ४ जीबीची फाइल मावत नाही, आणि लग्नाचे चित्रीकरण सहज त्याच्या वर जाते. मात्र जुना टीव्ही किंवा गाडीतला प्लेयर एक्सफॅट वाचत नसेल, तर फॅट३२ च बरे.

‘क्लीन’ झाल्यावर आठवले की काही राहून गेले, तर त्यावर नवे काहीच टाकू नये. ‘क्लीन’ फक्त तुकड्यांची नोंद पुसते, आतला मजकूर लगेच जात नाही. फोटोरेक नावाचे मोफत साधन बरेच फोटो परत काढते, फक्त फाइलींची नावे राहत नाहीत.

आता चौथा प्रकार. उरुसातल्या, बाजारातल्या स्वस्त ढिगातला ‘५१२ जीबी’चा पेनड्राइव्ह. आत चिप ८ जीबीची, पण तिच्या कंट्रोलरला खोटे बोलायला शिकवलेले. फाइली जातात, नावे दिसतात, ८ जीबीच्या पुढच्या मात्र उघडत नाहीत. इथे कोणतीही आज्ञा ५१२ परत देणार नाही, कारण ते कधी नव्हतेच. एच२टेस्टडब्ल्यू हे मोफत साधन पूर्ण ड्राइव्ह भरून वाचून पाहते आणि खरी जागा सांगते. याला काही तास लागतात, रात्री लावून ठेवावे. बिल असेल तर सकाळी दुकानात जाऊन पैसे परत मागावेत.