सहा कोअर म्हणजे तिप्पट वेग नव्हे

"सहा कोअरचा मिळतोय, मग दोन कोअरवाला कशाला घेता?" वापरलेल्या कॉम्प्युटरच्या बाजारात हे वाक्य इतक्या ठामपणे सांगितलं जातं की गिऱ्हाईक गप्पच होतं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या गावातल्या रिपेअरिंगच्या दुकानापर्यंत सगळीकडे हाच हिशेब चालतो. दोनपेक्षा चार बरे, चारपेक्षा सहा बरे, आणि आठ असतील तर बघायलाच नको. हा हिशेब चुकीचा आहे. त्यापायी बेताच्या पैशांत कॉम्प्युटर घेणारी माणसं नेमकी त्यांच्याच कामाला हळू पडणारी वस्तू घरी नेतात. याची चीड येते, कारण पुन्हा खर्च करायची ऐपत नसलेल्यांनाच ही चूक सर्वांत जास्त भोवते.

उदाहरणादाखल दोन खरे प्रोसेसर घेऊ. जुन्या असेंबल्ड पीसीमध्ये दोन्ही हटकून भेटतात. पहिला एएमडीचा एफएक्स-६३००. तो ऑक्टोबर २०१२ मध्ये १३२ डॉलरला बाजारात आला. सहा कोअर, मूळ वेग ३.५ गिगाहर्ट्झ, टर्बोमध्ये ४.१, आणि ८ एमबी एल३ कॅशे. दुसरा इंटेलचा पेंटियम जी४५६०. तो जानेवारी २०१७ मध्ये ६४ डॉलरला आला. कोअर दोनच, वेग ३.५ गिगाहर्ट्झ, टर्बो नाही, कॅशे ३ एमबी. कागदावर बघितलं तर पहिला प्रत्येक रकान्यात पुढे आहे, निदान बरोबरीत तरी आहेच. दुसऱ्याची मूळ किंमतही निम्म्याहून कमी, म्हणजे तो हलका असणार असं कुणालाही वाटेल.

आता चाचणी बघा. सिनेबेंच आर१५ ही बरीच वर्षं वापरात असलेली चाचणी आहे. तीत एकाच कोअरवर काम दिलं तर एफएक्स-६३०० शंभराच्या आसपास रेंगाळतो आणि जी४५६० साधारण १४०-१४५ गुण घेतो, म्हणजे जवळपास दीडपट. सगळे कोअर कामाला लावले तर एफएक्स पुढे जातो, पण थोडासाच. कोअर तिप्पट, आघाडी मात्र जेमतेम. मग बाकीचे कोअर गेले कुठे?

उत्तर त्याच्या रचनेत आहे. एएमडीने २०११ मध्ये 'बुलडोझर' नावाची रचना आणली. एफएक्स-६३०० मध्ये तिचीच सुधारलेली आवृत्ती, 'पाइलड्रायव्हर', आहे. या रचनेत कोअर सुटे नसतात. दोन-दोन कोअरची जोडी करून एक मॉड्यूल बनवलेलं असतं. सूचना आणून त्यांची फोड करणारा भाग त्या जोडीला मिळून एक, दशांश अपूर्णांकांची गणितं करणारा भागही एकच, आणि एल२ कॅशेही सामाईक. पूर्णांकांची कामं करणारा भाग तेवढा प्रत्येकाचा स्वतंत्र. पोळ्या करायला दोघी बसवल्या, पोळपाट-लाटणं दोघींना वेगवेगळं दिलं, पण कणीक मळणारी एक आणि तवाही एकच ठेवला, तर दुप्पट पोळ्या निघणार नाहीत. एकटी असती त्यापेक्षा जास्त निघतील, एवढंच. शिवाय यातला प्रत्येक कोअर मुळात बारीक होता. बेरीज-वजाबाकी करणारे त्याचे विभाग दोन, तर जी४५६० च्या एका कोअरमध्ये चार. एल१ डेटा कॅशे इथे १६ केबी, तिथे ३२ केबी.

हे कुणाला पक्षपाती वाटत असेल तर विंडोज १० चा टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्सच्या टॅबवर जा आणि सीपीयूच्या आलेखाखालच्या ओळी वाचा. एफएक्स-६३०० असलेल्या मशीनवर तिथे 'कोअर्स: ३, लॉजिकल प्रोसेसर्स: ६' असं दिसतं. खोक्यावर सहा छापलेत, ऑपरेटिंग सिस्टिम तीन मोजते. तंत्रज्ञांमध्ये यावर वाद आहे आणि एएमडीची बाजू अगदीच पोकळ नाही, कारण पूर्णांकांचे सहा विभाग खरोखरच आत आहेत. पण हा वाद अमेरिकेत कोर्टापर्यंत गेला. कॅलिफोर्नियात २०१५ मध्ये ग्राहकांच्या वतीने दावा लागला की आठ कोअर म्हणून विकलेल्या एफएक्स प्रोसेसरमध्ये खऱ्या अर्थाने आठ कोअर नाहीत. २०१९ मध्ये १.२१ कोटी डॉलरवर तडजोड झाली. कंपनीने दोष मान्य केला नाही, आणि दावा आठ कोअरवाल्या चिपांपुरताच होता, ६३०० त्यात नव्हता. पण रचना तीच होती. कोर्टापेक्षा मोठा पुरावा मला वेगळाच वाटतो. २०१७ मध्ये एएमडीने रायझन आणला तेव्हा ही वाटेकरी पद्धत टाकून दिली आणि जोडीत सामाईक असलेलं हे सामान प्रत्येक कोअरला स्वतंत्र दिलं.

आता समजा, कोअर अगदी खरेखुरे सहा आहेत. तरीही तिप्पट वेग मिळत नाही, आणि दुकानात हे कुणीच सांगत नाही. प्रत्येक कामाचा काही भाग वाटून करता येतो, काही भाग एकामागून एकच करावा लागतो. जीन अॅमडाल यांनी हा मुद्दा १९६७ मध्येच मांडला आणि आज तो त्यांच्या नावाने नियम म्हणून शिकवला जातो. आपल्या दोन प्रोसेसरना तो लावून बघू. एफएक्सच्या एका कोअरला एखादं काम करायला १०० सेकंद लागतात आणि त्यातलं निम्मंच वाटता येतं, असं धरा. सहा कोअरवर न वाटता येणारे ५० सेकंद तसेच राहतात, उरलेले ५० सहांत वाटले की ८.३ होतात. एकूण ५८ सेकंद. दीडपट वेगाच्या दोन कोअरवर न वाटता येणारा भाग ३३ सेकंदांत संपतो, वाटता येणारा १७ सेकंदांत. एकूण ५० सेकंद. दोन कोअरवाला जिंकला. आणि या आकडेमोडीत मी एफएक्सला झुकतं माप दिलंय: त्याचे सहाही कोअर पूर्ण धरलेत, आणि जी४५६० चं हायपरथ्रेडिंग, ज्यामुळे त्याचे दोन कोअर चार धागे हाताळतात, ते मोजलेलंच नाही.

हेच काम ९० टक्के वाटता येण्यासारखं असेल तर चित्र उलटतं. एफएक्सला १० अधिक १५, म्हणजे २५ सेकंद पुरतात, पेंटियमला सुमारे ३७ लागतात. त्यामुळे 'कोणता चांगला' या प्रश्नाला कामाचं नाव घेतल्याशिवाय उत्तरच नाही, आणि काम न विचारता उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

मग आपल्याकडे या मशीनवर कामं कसली चालतात? लग्नपत्रिका, हँडबिलं, दिवाळी अंकांची पानं लावणाऱ्या कितीतरी डीटीपीवाल्यांच्या टेबलावर अजूनही पेजमेकर आहे. त्याची शेवटची ७.० ही आवृत्ती २००१ ची. घरगुती पीसीत दोन कोअर येऊ लागले २००५ पासून. जे सॉफ्टवेअर एकाच कोअरच्या जमान्यात लिहिलं गेलं आणि पुढे बदललंच नाही, त्याला सहा कोअर दिले तरी ते एकावरच चालणार, बाकीचे पाच रिकामे बसणार. एक्सेल २००७ पासून सूत्रांची आकडेमोड अनेक कोअरांवर वाटतं, पण त्यातला मॅक्रो आजही एकाच धाग्यावर पळतो. पतपेढीत किंवा शाळेच्या ऑफिसात महिनाअखेरीला पगारपत्रकाचा मॅक्रो लावून जो कारकून पडद्याकडे बघत बसतो, त्याला हवा असतो एक दमदार कोअर. वेबपेज उघडतानाही जावास्क्रिप्टचा मोठा भाग एकाच मुख्य धाग्यावर अडून असतो. रोजचं काम हेच असेल तर जी४५६० घ्या, सहा कोअरच्या मोहात पडू नका.

एफएक्सवर अन्यायही नको. लग्नाचे व्हिडिओ एक्स२६४ वापरून रूपांतरित करणं, सेव्हन-झिपने मोठाल्या फायली दाबून ठेवणं, कोड कंपाइल करणं ही कामं सहज वाटली जातात, आणि तिथे तो वरचढ ठरतो. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे, आणि पेंटियमची शिफारस करणारे ती हमखास विसरतात. जी४५६० मध्ये एव्हीएक्स हा सूचनासंच नाही. इंटेलने पेंटियममधून तो काढून ठेवला होता. एफएक्स-६३०० मध्ये एव्हीएक्स आहे. त्याची पुढची आवृत्ती एव्हीएक्स२ मात्र नाही. पेंटियममध्ये एव्हीएक्स नसल्याचा फटका कुठे बसतो बघा: इंजिनिअरिंगचा विद्यार्थी मशीन लर्निंग शिकायला बसतो, टेन्सरफ्लो इन्स्टॉल करतो, आणि पहिल्याच ओळीला प्रोग्रॅम 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन' म्हणून बंद पडतो. टेन्सरफ्लोच्या तयार फायली १.६ आवृत्तीपासून एव्हीएक्स गृहीत धरूनच बनवलेल्या असतात. इथे कोअरचा वेग कितीही असो, त्याचा काही उपयोग नाही. अशा विद्यार्थ्याला पेंटियम गळ्यात मारणं हेही तेवढंच चूक.

आता बाकीचे समज. कोअर मोजणारी माणसं गिगाहर्ट्झही मोजतात. एफएक्स-८१५० ने २०११ मध्ये ८.४२९ गिगाहर्ट्झ गाठून गिनेसमध्ये नाव नोंदवलं, आणि त्याच वर्षी कमी गिगाहर्ट्झचे इंटेलचे प्रोसेसर बहुतेक कामांत त्याच्या पुढे होते. गिगाहर्ट्झवरून एकाच रचनेच्या दोन प्रोसेसरची तुलना होते. रचना वेगळी असेल तर त्या आकड्याला काही अर्थ उरत नाही.

पेंटियम म्हणजे जुनाट, ही समजूत नावामुळे झालीय. जी४५६० आणि ११७ डॉलरचा कोअर आय३-७१०० यांची मूळ घडण एकच: दोन कोअर, चार धागे, ३ एमबी कॅशे. मुख्य फरक वेगाचा, ३.५ ऐवजी ३.९ गिगाहर्ट्झ, आणि वर सांगितलेल्या एव्हीएक्सचा. आय३ ने २०१७ मध्ये त्यासाठी जवळपास दुप्पट पैसे घेतले.

'आय७ आहे' म्हणजेही काही सिद्ध होत नाही. २०१६ च्या लॅपटॉपमधला आय७-७५००यू दोन कोअरचा आहे, पुढच्याच वर्षीचा डेस्कटॉप आय३-८१०० चार कोअरचा.

वॅटचा आकडा म्हणजे विजेचं बिल नव्हे. एफएक्सचा टीडीपी ९५ वॅट आणि पेंटियमचा ५४, पण हा आकडा कुलर किती ताकदीचा हवा हे ठरवण्यासाठी असतो. दोघांत ४० वॅटचा फरक धरला, रोज सहा तास पूर्ण ताण दिला आणि युनिटला ९ रुपये मोजले, तरी वर्षाचे आठशे रुपयांच्या आत होतात. साध्या वापरात त्याहून बरेच कमी. बिलापेक्षा खरा त्रास उष्णतेचा आणि पंख्याच्या आवाजाचा आहे.

प्रोसेसर जुना झाला की हळू होतो, असंही नेहमी कानावर येतं. सिलिकॉन तसं थकत नाही. हीटसिंकमध्ये धूळ बसते, थर्मल पेस्ट वाळते, मग तापमान चढतं आणि प्रोसेसर स्वतःहून वेग उतरवतो. पेस्ट बदलली, धूळ काढली, हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवली की तेच मशीन ओळखू येत नाही.

विंडोज ११ चालेल असं सांगून या दोन्हींपैकी काहीही विकलं जात असेल तर नीट ऐका: मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत यादीत दोन्ही नाहीत. इंटेलची यादी बहुतांशी आठव्या पिढीपासून सुरू होते आणि जी४५६० सातव्या पिढीचा आहे. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. उबुंटू किंवा मिंट दोन्हींवर व्यवस्थित चालतं.

राहिला किमतीचा प्रश्न, आणि तिथे नुसता प्रोसेसरचा भाव बघून चालत नाही. एफएक्स-६३०० मध्ये ग्राफिक्स नाही. मदरबोर्डवर ७६०जी सारखा चिपसेट असेल तर जेमतेम चित्र येतं, नाहीतर वेगळं कार्ड घ्यावं लागतं. पेंटियममध्ये एचडी ग्राफिक्स ६१० आतच आहे, डीटीपीला आणि यूट्यूबला पुरतं. पेंटियमच्या बोर्डात पुढे आय५-७५०० किंवा आय७-७७०० बसू शकतो. एफएक्सचा एएम३+ सॉकेट त्याच पिढीपाशी थांबला, रॅमही डीडीआर३.

तरीही व्हिडिओच्या कामासाठी एफएक्स घ्यायचा ठरला तर प्रोसेसरपेक्षा बोर्ड जास्त निरखून बघा. सॉकेटशेजारच्या वीज पुरवणाऱ्या काळ्या चिपांवर अॅल्युमिनियमचा हीटसिंक आहे का, ते आधी बघा. स्वस्त बोर्डांवर तो नसतो. त्या चिपा तापल्या की बोर्ड प्रोसेसरचा वेग दीड गिगाहर्ट्झच्याही खाली आणतो, आणि मग सहा काय नि आठ काय, काहीच कामाला येत नाही. दुकानदाराला कॅबिनेट उघडायला सांगा, एखादा मोठा व्हिडिओ कन्व्हर्ट करायला लावा आणि दहा-पंधरा मिनिटं टास्क मॅनेजरमधला वेगाचा आकडा बघत उभे राहा. तो ३.५ च्या आसपास टिकला तर पैसे द्या. घसरून पुन्हापुन्हा वरखाली होत असेल, किंवा दुकानदार एवढा वेळ मशीन चालवून दाखवायलाच तयार नसेल, तर दुसरं दुकान बघा.