जुन्या गाडीचें निदान

माधवनिदान या सुप्रसिद्ध वैद्यकग्रंथाच्या आरंभींच रोग ओळखण्याचीं पांच साधनें सांगितलीं आहेत: निदान म्हणजे कारण, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ति. हें पंचक मनुष्यदेहाकरितां रचिलेलें खरें. परंतु चंद्रपूर-गडचिरोलीकडील पुष्कळ घरीं अद्याप सांभाळल्या जाणाऱ्या जुन्या व्हॅनलाही तें चांगलें लागू पडतें.

मारुतीची ही व्हॅन १९८४ सालीं निघाली व २०१९ मध्यें तिचें उत्पादन थांबलें. तथापि मार्कंड्याची महाशिवरात्र असो कीं चंद्रपुरांतील महाकालीची चैत्रयात्रा असो, आजीपासून पणतवंडापर्यंत सर्वांस एकत्र नेणारी गाडी म्हणून तिचा मान कायम आहे. शहरांत ती बंद पडल्यास रिक्षा मिळते. आलापल्लीहून भामरागडास जाणारा ६० किलोमीटरांहून अधिक लांबीचा मार्ग मात्र अरण्यांतून जातो. गाडींत अडलेली गर्भवती किंवा तापानें फणफणलेलें मूल असेल, तर इंजिनाचें थरथरणें ही क्षुल्लक गोष्ट राहत नाहीं. म्हणून घरांतील कर्त्या माणसांनीं या रोगाची परीक्षा समजून घ्यावी.

प्रथम रूप पाहावें. गाडी उभी असतां थरथरते, ठोके चुकविते, मिस्त्रीमंडळींच्या भाषेंत 'मिसिंग' मारते, पण रेस देतांच सुरळीत होते काय? तसें असेल, तर कार्ब्युरेटरमधील मंद गतीचें बारीक छिद्र कचऱ्यानें बुजलें आहे, किंवा एखाद्या फुटक्या नळीवाटे हवा चोरून आंत शिरत आहे, असा संशय घ्यावा. उलट उभी असतां शांत, परंतु चढावर झटके मारीत असेल, तर पेट्रोलचा पुरवठा अपुरा आहे. गाळणी, पंप व टाकी तपासावी. सर्वच गतींत ठोके चुकत असतील, तर प्लग काढून पाहावे. टोंक तपकिरी असल्यास प्रकृति उत्तम. काळी काजळी असल्यास पेट्रोल अधिक. पांढरें असल्यास पेट्रोल कमी. ओलें असल्यास ठिणगीच पडत नाहीं. इंजिनाचे कोठे तीनच असल्यामुळें एक निकामी झाला, तरी सारी गाडी हादरते.

पुढें कारण शोधावें. येथें काळाचा फरक ध्यानांत घेणें अगत्याचें आहे. २०२५ पासून देशांत २० टक्के इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल सर्वत्र मिळूं लागलें आहे. इथेनॉलमध्यें पेट्रोलच्या सुमारें दोनतृतीयांश उष्णता असते, व त्यास जळावयास हवाही कमी लागते. कार्ब्युरेटरचीं छिद्रें जुन्या पेट्रोलच्या मापानें पाडलेलीं. त्यामुळें मिश्रण विरळ होतें. शिवाय इथेनॉल जुन्या टाकींतील मळ सोडवून पुढें पाठवितें, जुनें रबर खराब करूं शकतें आणि पाणी शोषून घेतें. पाणी फार झालें, म्हणजे इथेनॉल त्यासह वेगळें होऊन तळाशीं बसतें, आणि इंजिनाकडे जाणारें पेट्रोल बहुधा तळाजवळूनच घेतलें जातें. पावसाळ्यांत अर्धी रिकामी ठेविलेली टाकी किंवा डब्यांतून आणलेलें पेट्रोल या विकारास आमंत्रण देतें.

पूर्वरूपें सौम्य असतात: सकाळीं सुरू होण्यास होणारा विलंब, सिग्नलपाशीं एकदां बंद पडणें, पेट्रोलचा मंद वास. यांपैकीं वासाची उपेक्षा कदापि करूं नये. इंजिन पुढील बैठकीच्या खालींच असल्यानें गळतीचा वास येतांच गाडी बंद करून सर्वांस खालीं उतरवावें.

उपशय म्हणजे उपायानें रोगाची पारख. थांबलेल्या गाडीचा चोक किंचित् ओढतांच थरथर कमी झाली, तर मिश्रण विरळ होतें हें ठरलें. चढावर दम तोडणारी गाडी टाकीचें झाकण सैल करतांच सुधारली, तर झाकणांतील हवेचा मार्ग बुजला आहे. चंद्रपूरचा वैशाख पारा ४७ अंशांपलीकडे नेतो. तशा दुपारीं बंद पडलेली गाडी सावलींत थांबून, इंधनपंपावर ओलें फडकें ठेवल्यावर सुरू झाली, तर नळींत पेट्रोलची वाफ झाली होती. गाळणीपूर्वींचें थोडें पेट्रोल कांचेच्या बाटलींत काढून, ज्वालेपासून दूर, स्थिर ठेविल्यास तळाचा पाण्याचा थर डोळ्यांना दिसतो.

राहिली संप्राप्ति, म्हणजे रोग कोणत्या क्रमानें वाढला तें जाणणें. टाकींत गंज, गंजानें गाळणी भरली, सूक्ष्म कचरा पुढें गेला, छिद्र बुजलें: अशा वेळीं केवळ कार्ब्युरेटर धुऊन घेतल्यास महिन्याभरांत तीच व्यथा परत येते. मूळ टाकींत आहे. नंतरच्या नमुन्यांत कार्ब्युरेटर नसून इंधन फवारण्याची विद्युत्-नियंत्रित योजना आहे. तिची परीक्षा यंत्रावर करवून घ्यावी. क्रम मात्र तोच.

एका वेळीं एकच गोष्ट बदलावी व फरक पाहावा. चार भाग एकदम बदलले, तर गुण कशानें आला हें मिस्त्रीसही सांगतां येत नाहीं. घरांत एक वही ठेवून पेट्रोल कधीं व कोठें भरलें, गाडी थंड असतां कुरकुरली कीं तापल्यावर, हें लिहून ठेवावें. रोग्याची हकीकत नीट सांगणारा आप्त वैद्याचें अर्धें काम करतो. गाडीची हकीकत सांगणारा गृहस्थ मिस्त्रीचेंही तितकेंच काम हलकें करील, आणि पावसाळा लागण्यापूर्वींच अरण्यमार्गावरील त्या एका रात्रीची चिंता घरावरून उतरेल.