वळूची कुळी आणि गाईची गर्भधारणा

संकरित गाय माजावर येते, रेतन होते, त्यानंतर दोन-तीन महिने ती माज दाखवीत नाही. गोपालक निश्चिंत होतो. पुढे एके दिवशी गाय पुन्हा माजावर येते आणि तोवरचा चारा व काळ वाया गेल्याचे ध्यानी येते. अशा वेळी दोष गाईला किंवा रेतन करणाऱ्याला दिला जातो. निकृष्ट आहार, क्षारांची उणीव, गर्भाशयाचे विकार व सांसर्गिक गर्भपात ही याची प्रमुख कारणे होत आणि त्यांची तपासणी प्रथम करावी. परंतु एखादे कारण वळूच्या कुळीतही दडलेले असू शकते.

वासराला प्रत्येक जनुकाची जोडी मिळते. एक मातेकडून व एक पित्याकडून. जोडीतील एकच जनुक सदोष असेल, तर जनावर धडधाकट दिसते व दूधही उत्तम देते. असे जनावर त्या दोषाचे वाहक असते. दोन वाहकांचा संयोग झाल्यास सरासरीने चारांपैकी एका गर्भास दोन्ही जनुके सदोष मिळतात. काही दोषांत असा गर्भ जगत नाही.

अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात १९६२ साली जन्मलेल्या ‘चीफ’ या होल्स्टीन वळूचे उदाहरण बोधप्रद आहे. कृत्रिम रेतनाने त्याला १६,००० हून अधिक कालवडी झाल्या. नातींची संख्या पाच लाखांवर गेली. दुधाचा गुण वंशात उतरला, परंतु त्यासोबत एक सदोष जनुकही उतरले. या दोषाची चाहूल शास्त्रज्ञांना २०११ साली लागली. त्यामुळे जगभर सुमारे सव्वापाच लाख गर्भ दगावले असावेत, असा अंदाज २०१६ साली प्रसिद्ध झाला. खाण तशी माती म्हणतात. त्या मातीत सोन्याबरोबर खडाही येतो. तरीही या वंशामुळे वाढलेल्या दुधाचे मोल हानीहून कितीतरी अधिक ठरले. म्हणून कृत्रिम रेतन टाळणे हा उपाय नव्हे. वळूची पारख व नोंद हाच उपाय होय.

आपल्याकडील अनेक संकरित गाई होल्स्टीन रक्ताच्या आहेत. गोपालकांनी तपासलेल्या वळूचेच वीर्य वापरावे. वीर्यनळीवर छापलेला वळूचा क्रमांक व रेतनाची तारीख वहीत लिहावी. कालवडीला तिच्याच पित्याचे वीर्य कधीही देऊ नये. वळू वाहक असल्यास त्याच्या निम्म्या कालवडी वाहक निघू शकतात आणि अशा संयोगात सरासरीने आठांपैकी एक गर्भ धोक्यात येतो. गावात वळू पाळला असेल, तर त्याच्या पहिल्या कालवडी माजावर येण्यापूर्वी, म्हणजे सुमारे दोन वर्षांत, तो बदलावा.

ग्रामसेवकांनी गावातील नोंदी एकत्र पाहाव्यात. एक गाय गाभडली म्हणून वळू दोषी ठरत नाही. मात्र एकाच क्रमांकाच्या वळूकडून निरनिराळ्या गोठ्यांतील गाई वारंवार गाभडत असतील, तर ती नोंद पशुवैद्यकीय दवाखान्यात अवश्य दाखवावी. एका गोठ्यात न दिसणारा दोष गावाच्या वहीत दिसून येतो.