रविवार, डोंगर आणि सायकल

सायकल हा शब्द उच्चारला की आमच्या पिढीच्या डोळ्यांपुढे उभी राहते ती काळी, दांडीची, मागे कॅरिअर असलेली आणि हँडलला जेवणाचा डबा लटकावलेली कामगाराची सायकल. घाटकोपरपासून मुलुंडपर्यंतच्या लालबहादूर शास्त्री मार्गावर एके काळी पाळी सुटली म्हणजे अशा सायकलींची रांग लागत असे. त्या रस्त्यावरचे बरेच कारखाने आज राहिलेले नाहीत, त्यांच्या जागी उंच इमारती व बाजार आले आहेत, आणि ती रांगही गेली आहे. अशा काळात आमच्यासारख्या युनियनच्या कामात जन्म घालविलेल्या माणसाने 'डोंगरातील सायकल' या विषयावर बोलावे, याचे काही श्रोत्यांना नवल वाटले. सहा दिवस राबून सातव्या दिवशी सायकल घेऊन टेकडी चढणे हा चार पैसे गाठी असणाऱ्यांचा शौक नव्हे काय, असा प्रश्न एका गृहस्थांनी आम्हांस विचारला. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देण्यापूर्वी ही सायकल म्हणजे काय आणि तिच्याभोवती जमणाऱ्या मंडळाचे जीवन कसे असते, हे थोडक्यात सांगणे जरूर आहे.

प्रथम यंत्राकडे पाहू. जुन्या सायकलीला पायडलजवळच्या चक्राला साधारण ४४ दाते आणि मागच्या फ्रीव्हीलला १८ दाते असत. पायडल एकदा फिरले की मागचे चाक जवळजवळ अडीच वेळा फिरे आणि सायकल सुमारे ५.४ मीटर पुढे जाई. सपाट रस्त्यावर हा हिशेब फायद्याचा असतो, पण चढ लागला की तोच अंगावर येतो आणि माणूस खाली उतरून सायकल ढकलू लागतो. डोंगरी सायकलीला पुढे ३२ दाते असले, तर मागच्या सर्वांत मोठ्या चक्राला ५० दाते असू शकतात. त्या गिअरमध्ये पायडलच्या एका फेऱ्यात सायकल जेमतेम दीड मीटर सरकते. म्हणजे काम कमी झाले काय? मुळीच नाही. आपले व सायकलीचे वजन तितक्याच उंचीवर न्यायचे आहे. फक्त जे कर्ज एकरकमी फेडायचे होते ते लहान लहान हप्त्यांनी फेडता येते. ज्याच्या गुडघ्यांत एकरकमी फेडण्याचे बळ नाही, असा पन्नाशीचा माणूसही हप्त्यांच्या जोरावर माथा गाठतो.

दुसरा भेद टायरचा. जुन्या सायकलीचे टायर दीड इंच रुंद आणि हवा गच्च भरलेले. डोंगरी सायकलीचे टायर सव्वादोन इंचांच्या आसपास रुंद, नक्षी खोल, आणि हवा मुद्दाम कमी, म्हणजे दर चौरस इंचास २५ ते ३० पौंड. हवा कमी असली की टायर दगडावर आदळून उडत नाही, किंचित दबून त्याला धरून राहतो. तिसरा भेद ब्रेकचा. जुना ब्रेक रबराने रिम दाबीत असे, आणि पावसात रिम भिजली की तो निकामी. नव्या सायकलीत हबजवळ पोलादी चकती असते, ती चिमटीत धरली जाते, त्यामुळे चिखलपाण्याचा उपद्रव कमी होतो. तरीही उतारावर यंत्रापेक्षा बसण्याची रीत महत्त्वाची. उतार लागताच कंबर सीटच्या मागे न्यावी, कोपर सैल ठेवावे, पुढचा ब्रेक एकदम आवळू नये. पुढचे चाक अडले आणि अंग पुढे असले तर माणूस हँडलवरून पलीकडे जातो. हे आम्ही पुस्तकात वाचून सांगत नाही.

ही सायकल प्रथम कोणी केली? कोणा मोठ्या कंपनीने नव्हे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील मॅरिन परगण्यात काही तरुणांनी सन १९३० च्या सुमाराच्या जुन्यापुराण्या जाड टायरांच्या सायकली भंगारातून मिळवल्या आणि त्या घेऊन ते डोंगराच्या कच्च्या वाटांनी उतरू लागले. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी तेथे पहिली शर्यत लावली. त्या सायकलींचा ब्रेक मागच्या हबमध्ये असे. तीव्र उतारावर तो इतका तापे की आतले ग्रीस जळून धूर निघे, आणि प्रत्येक फेरीनंतर हब उघडून ग्रीस पुन्हा भरावे लागे. या पुन्हा भरण्यावरूनच त्या शर्यतीला 'रीपॅक' असे नाव पडले. पुढे जो ब्रीझ, टॉम रिची, गॅरी फिशर, चार्ली केली यांसारख्या मंडळींनी डोंगरासाठी खास सांगाडे घडविले व विकले. कारखानदारांनी ती कल्पना नंतर उचलली, आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये या खेळाला स्थान मिळाले. कामाच्या मेजावर, हातात पाना घेतलेल्या माणसांनी शोध लावावा आणि बाजाराने तो मागाहून ओळखावा, ही गोष्ट आम्हां कामगारांना काही अपरिचित नाही.

आपल्याकडेही सायकलीची परंपरा लहान नाही. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलीवर जगप्रवासास निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला व रुस्तुम भुमगारा हे तिघे पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून १८ मार्च १९२८ रोजी परतले. वरळीला हिंद सायकल्सचा मोठा कारखाना होता. तो आजारी पडल्यावर १९८० साली कायदा करून सरकारने ताब्यात घेतला, पण पुढे तोही बंद झाला. घाट आणि सायकल यांचे नाते मराठी माणसाला कळले ते मुंबई-पुणे शर्यतीमुळे. खोपोली सोडली की शिंग्रोबाच्या देवळाजवळचा चढ लागतो. या धनगराने इंग्रजांना घाटाची वाट दाखविली अशी कथा आहे. त्या घाटात जो सर्वांआधी माथा गाठील त्याला 'घाटाचा राजा' म्हणतात. शर्यत कोण जिंकला हे लोक विसरतात, पण घाटाचा राजा लक्षात राहतो.

आता मंडळाच्या जीवनाकडे वळू. आमच्या मंडळात पंधरा-वीस माणसे आहेत. त्यांत लेथवर काम करणारे आहेत, बँकेतील कारकून आहेत, एक शिक्षिका आहेत, कॉलेजातील मुले-मुली आहेत. रविवारी पहाटे साडेचारला उठायचे, आणि कधी रस्त्याने तर कधी लोकलच्या लगेजच्या डब्यातून सामानाचे तिकीट काढून ठरल्या स्टेशनावर जमायचे. मग आरेचा रस्ता, नाही तर ठाण्याकडून येऊरचा चढ. आठ वाजता टपरीवर चहा, दहाला घरी. या जीवनात पराक्रम फारसा नाही. पंक्चर काढणे, तुटलेली चेन जोडणे, कोणाचा पाय आखडला तर चोळणे, यातच निम्मा वेळ जातो.

आमचा पहिला नियम असा, की जो सर्वांत मागे आहे त्याचा वेग तो सर्वांचा वेग. त्याच्याही मागे एक अनुभवी सभासद राहतो, त्याला आम्ही 'मागचा गडी' म्हणतो. त्याच्याजवळ पंप, जादा ट्यूब, मलमपट्टी असते, आणि तो कोणालाही ओलांडून पुढे जात नाही. हा नियम आम्हांला सुरुवातीपासून सुचला नव्हता. एका पावसाळ्यात शेवाळलेल्या उतारावर आमचा एक फिटर सभासद घसरला आणि त्याचे गळ्याजवळचे हाड मोडले. पुढची मंडळी टपरीवर चहा घेत हसत-खिदळत होती. तो आलेला नाही हे आमच्या ध्यानात यायला अर्धा तास लागला. दोष वाटेचा नव्हता, पावसाचाही नव्हता, आमचाच होता. दीड महिना त्याला कामावर जाता आले नाही, आणि तो रोजंदारीवर होता. तेव्हापासून आम्ही दरमहा थोडी वर्गणी एका डब्यात टाकतो. कोणाला इजा झाली तर त्याचा बुडालेला रोज त्यातून जमेल तेवढा भरून देतो. हेल्मेटशिवाय सायकल चढवायची नाही आणि मागच्या गड्याशिवाय निघायचे नाही, हे त्याच दिवशी ठरले.

दुसरा प्रश्न जमिनीचा, आणि तो अधिक नाजूक आहे. उपनगराच्या मध्यभागी संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे सुमारे १०४ चौरस किलोमीटर जंगल आहे. त्याच्या पोटात १८६० साली पुरा झालेला विहार आणि १८७९ सालचा तुळशी हे तलाव आहेत, कान्हेरीची लेणी आहेत, आणि बिबटेही आहेत. बोरिवलीच्या दाराकडून कान्हेरीपर्यंतचा डांबरी रस्ता नियम पाळून सायकलीने जाण्याजोगा आहे. परंतु आतल्या पायवाटांवर परवानगीवाचून शिरणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. आमच्या तरुण सभासदांनी मोबाइलच्या नकाशावर मुलुंडच्या बाजूने जाणारी एक वाट शोधून काढली आणि तेथून जाण्याचा आग्रह धरला. सभा झाली, शब्दाला शब्द लागला. एक जण म्हणाला, "जंगल काय कोणाच्या बापाचे आहे?" शिक्षिकाबाईंनी उत्तर दिले, "बापाचे नाही म्हणूनच आपलेही नाही." मते घेतली, जाऊ नये असे ठरले. दोन सभासद त्या दिवशी मंडळ सोडून गेले. वाईट वाटले, पण ठराव बदलला नाही.

आरेची गोष्ट निराळी. १९४९ साली स्थापन झालेल्या या दूधवसाहतीत रस्ते आहेत, वस्ती आहे, आदिवासींचे २७ पाडे आहेत. हे लोक आपल्या आधीपासून येथे राहतात. पहाटे डोक्यावर मोळी घेऊन येणारी बाई समोर दिसली की सायकलीवरून उतरायचे आणि तिला वाट द्यायची, हा आमचा तिसरा नियम. मागून घंटी वाजवून तिला बाजूला सारणे आमच्या मंडळात चालत नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी येथील दोन हजारांहून अधिक झाडे तोडली गेली. त्याविरुद्ध जे उभे राहिले त्यांत आमचेही काही सभासद होते. पुढे २०२४ साली त्याच मेट्रोची गाडी आरेहून धावू लागली, आणि आमच्यातलेच काही जण तिने कामावर जातात. झाड आणि गाडी या दोन्ही गरजा खऱ्या आहेत. मात्र किंमत कोणी मोजली हे विसरू नये, एवढेच आम्ही सांगतो.

आता त्या गृहस्थांच्या प्रश्नाकडे येतो. हा चार पैसेवाल्यांचा शौक आहे काय? गिअरची नवी सायकल महाग असते हे खरे. म्हणून आमच्याकडे कोणत्याही सायकलीला मज्जाव नाही. जुनी सायकल असेल त्याने चढावर उतरून ढकलावी, त्यात कमीपणा नाही. अडचण पैशाची नाही, अडचण वेळेची आहे, आणि ती आम्हांस एका सभासदाने शिकविली. तो एका इमारतीत रखवालदार होता. बारा तासांची रात्रपाळी करून तो तसाच, गणवेशावर, आपल्या काळ्या सायकलीवर येत असे. तीन महिने आला. एकदा चहाच्या टपरीवर बाकावर बसल्या बसल्या त्याला झोप लागली, आणि पेला हातातून पडला. पुढे तो यायचा बंद झाला. चौकशी केली तेव्हा कळले, की त्याला आठवड्याची सुट्टीच नाही. एक दिवस घरी राहिला तर त्या दिवसाचा पगार जातो.

आपण रविवार म्हणतो तो आकाशातून पडलेला नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभी केली, 'दीनबंधु' पत्रातून लिहिले, सभा घेतल्या, हजारो सह्या गोळा केल्या, तेव्हा कोठे १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. डोंगरावर जाणारे प्रत्येक मंडळ, आमचे असो की वर्षानुवर्षे सह्याद्रीत माणसे नेणारे मुलुंडचे चक्रम हायकर्स असो, त्या सुट्टीवर उभे आहे. आणि आज त्याच उपनगरात रखवालदार, घरोघर जेवण पोचविणारी मुले, दुकानांतील नोकर यांच्यापैकी अनेकांना रविवार नाही. जेवण पोचविणाऱ्या मुलाला तर रविवारीच काम अधिक. तोही सायकलच चालवतो, पण ती पोटासाठी.

यावर आमच्या मंडळाने दोन गोष्टी केल्या. महिन्यातून एका बुधवारी सकाळी उशिरा निघणारी फेरी सुरू केली, म्हणजे ज्यांना आठवड्याच्या मधल्या दिवशी सुट्टी मिळते त्यांना येता यावे. पहिल्या फेरीला चौघे आले, परवाच्या फेरीला नऊ. आणि त्या रखवालदाराच्या इमारतीतील रहिवाशांना, ज्यांपैकी दोघे आमचेच सभासद निघाले, आम्ही जाऊन भेटलो. पगारी साप्ताहिक सुट्टी देण्यासाठी प्रत्येक घराला महिन्याला किती जादा खर्च येईल, याचा हिशेब कागदावर मांडून दाखविला. आकडा लहान होता. त्यांनी अद्याप होय म्हटलेले नाही, पण नाही असेही म्हटलेले नाही. पुढल्या महिन्यात त्यांची सर्वसाधारण सभा आहे.

श्रोत्यांपैकी ज्यांच्या घरी जिन्याखाली सायकल गंजत पडली असेल त्यांनी ती बाहेर काढावी, चेनला तेल द्यावे, आणि एखाद्या रविवारी किंवा बुधवारी आमच्याबरोबर यावे. मात्र त्याआधी आपल्या इमारतीच्या दारात जो माणूस बसतो, त्याला सुट्टी कोणत्या दिवशी असते, एवढे त्याला विचारून यावे.