जिन्याचा आधार (भिंत काढताना)

घरातील दोन दालने एक करण्यासाठी किंवा बंदिस्त जिना मोकळा करण्यासाठी भोवतीची भिंत काढावयाची झाल्यास जिन्याचा भार प्रथम तात्पुरत्या व नंतर कायम आधारावर घ्यावा लागतो. हा भार थोडा नसतो. १ मी. रुंद व जमिनीवर ३ मी. लांबी व्यापणाऱ्या प्रबलित काँक्रीटच्या एका चढाचे, लादी १५ सेंमी. जाड असल्यास, केवळ स्वतःचे वजन सुमारे २ टन भरते. शिवाय निवासी इमारतीतील जिन्यावर दर चौ. मी.ला ३ किलोन्यूटन (सुमारे ३०० किग्रॅ.) वापरभार धरावा, असे भारतीय मानकात (१९८७) म्हटले आहे.

जिना कशावर टेकला आहे, हा यातील मुख्य प्रश्न होय. लाकडी जिन्याच्या कडेच्या तिरप्या फळ्या वर मजल्याच्या तुळईला व खाली जमिनीला टेकतात. परंतु भिंतीकडची फळी बहुधा भिंतीस ठोकलेली असल्याने भिंत जाताच ती वाकते किंवा हलू लागते. काँक्रीटची लादी चढाच्या दिशेने टेकलेली असेल, तर बाजूच्या भिंतीवर तिचा भार फारसा येत नाही; मात्र लँडिंग ज्या भिंतीत रुतलेले असते, ती काढणे घातक ठरते. दोन्ही प्रकार वरून सारखेच दिसतात. म्हणून मूळ नकाशे नसल्यास गिलावा काढून पाहणे आवश्यक असते. सर्वांत नाजूक प्रकार एका टोकाने भिंतीत बसविलेल्या दगडी पायऱ्यांचा. इंग्लंडमधील ग्रिनिच येथील क्वीन्स हाउसमधला सतराव्या शतकातील जिना अशा प्रकारचा आहे. त्यात प्रत्येक पायरी खालच्या पायरीवर टेकते व भिंत तिला पिळण्यापासून रोखते. येथे एखाददुसरा खांब देऊन भागत नाही. भिंत राखणे हेच श्रेयस्कर. जुन्या वाड्यांतील जाड भिंतीच्या पोटात काढलेल्या जिन्यांबाबतही हेच म्हणता येईल.

भिंतीवर वरच्या मजल्याची भिंतही उभी असल्यास काम अधिक जोखमीचे होते. २३ सेंमी. जाड व ३ मी. उंच विटांच्या भिंतीचे वजन दर धाव मीटरला सुमारे १·३ टन असते. अशा वेळी वरच्या भिंतीत भोके पाडून आडव्या तुळया आरपार घालतात व त्यांच्या दोन्ही टोकांखाली धिरे देतात. जिन्याच्या चढाला व लँडिंगलाही स्वतंत्र धिरे लागतात. धिरे नुसत्या फरशीवर उभे न करता खाली जाड फळ्या घालून भार भक्कम जमिनीपर्यंत पोहोचवितात आणि जोडपाचरी ठोकून ते घट्ट करतात. यानंतरच भिंत वरून खाली, थोडी थोडी काढतात. नव्या पोलादी तुळईमुळे भिंतीभर पसरलेला भार दोनच टोकांवर एकवटतो; त्यामुळे तेथील खांब व पाया तपासावा लागतो, आणि नेमके हेच पुष्कळदा राहून जाते. मुंबईत घाटकोपर येथे २५ जुलै २०१७ रोजी इमारत कोसळून १७ जण दगावले, त्या दुर्घटनेचा संबंध तळमजल्यावरील फेरबदलांशी जोडण्यात आला होता. म्हणून असे काम संरचना अभियंत्याच्या आराखड्यानुसार व स्थानिक संस्थेच्या परवानगीनेच करावयाचे असते.

तुळई व वरचे बांधकाम यांमधील फट कोरडसर सिमेंट मसाल्याने ठासून भरतात. तो पुरेसा कठीण झाल्यावर पाचरी हळूहळू सैल करून, तडे जात नाहीत असे पाहून, धिरे काढतात. मोकळ्या झालेल्या कडेला कठडा बसेपर्यंत जिना वापरात घेत नाहीत.