पानझडीचे वेळापत्रक आणि रविवारचे श्रमदान

ठाणे, कल्याण आणि डोंबिवली ही शहरे ज्या भूमीवर वसली आहेत ती मुळात आर्द्र पानझडी वनाची भूमी आहे. म्हणजे वर्षाचा जवळजवळ सगळा, सुमारे अडीच हजार मिलिमीटर, पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो, पुढचे आठ महिने जमीन वाळत जाते, आणि या कोरड्या काळात पाने गाळून पाण्याची बचत करणारे वृक्षच येथे पिढ्यानपिढ्या टिकून राहतात. या वनाचा बराचसा भाग इमारतींखाली गेला असला, तरी संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या ठाण्याकडील बाजूस, येऊरच्या डोंगरावर, ऐन, किंजळ, कुंभा, मोह, हेदू, पळस आणि काटेसावर यांची मिश्र झाडी अजून पाहता येते. या शहरांत गेल्या काही वर्षांत स्थानिक वनस्पती लावण्याची आणि जोपासण्याची जी हौशी, परंतु चिकाटीची चळवळ उभी राहिली आहे, तिचे शास्त्र याच झाडीकडून शिकावे लागते.

‘स्थानिक’ हा शब्द येथे नेमक्या अर्थाने घ्यायला हवा. माणसाने आणून न लावता एखाद्या प्रदेशात निसर्गतः उत्क्रांत झालेली किंवा आपोआप पोहोचून रुजलेली वनस्पती ती स्थानिक, आणि केवळ त्याच मर्यादित प्रदेशात आढळणारी ती प्रदेशनिष्ठ. राष्ट्राच्या सीमांशी या व्याख्येचा संबंध नाही, हे अनेकदा विसरले जाते. रक्तचंदन भारतीय खरे, पण ते आंध्रातील पूर्व घाटाच्या रुक्ष टेकड्यांचे झाड आहे, त्यामुळे डोंबिवलीच्या टेकडीवर ते पाहुणेच ठरते. उलट कोकणी माणसाला घरचे वाटणारे काजूचे झाड पोर्तुगिजांनी ब्राझीलमधून आणलेले आहे, आणि चिंचेचे मूळ आफ्रिकेत असल्याचे मानले जाते. चिंचेसारख्या शतकानुशतके रुळलेल्या झाडाला आता परके म्हणणे हा हटवादच होईल, हेही तितकेच खरे.

पानझडी वनाला स्वतःचे वेळापत्रक असते आणि ते पावसाच्या आगमनाभोवती आखलेले असते. पळस, पांगारा आणि काटेसावर निष्पर्ण अवस्थेत, हिवाळ्याच्या अखेरीस फुलतात, कारण पानांचा आडोसा नसल्याने मैना, बुलबुल, कोतवाल अशा परागवाहक पक्ष्यांना ती भडक फुले दुरून दिसतात आणि फळे पिकायला पावसाआधीचे पुरेसे दिवस हाती राहतात. ऐन आणि किंजळ यांची पंखधारी फळे, तसेच सावरीचा कापूस, कोरड्या वाऱ्यावर उडण्यासाठी घडलेली असतात, म्हणून त्यांचा प्रसार उन्हाळ्यात होतो. जांभळाचे बी मात्र ओलसर आणि अल्पायुषी असते. ते वाळले की मरते, त्यामुळे जांभूळ पिकतेच मुळी पाऊस तोंडावर आल्यावर. रोपवाटिकेत काम करणाऱ्याला हे वेळापत्रक पाठ असावे लागते, कारण सुकवून बरणीत ठेवलेले जांभळाचे बी पुढच्या वर्षी पेरणे म्हणजे निव्वळ श्रम वाया घालवणे होय.

स्थानिक झाडाचे खरे मोल त्याच्यावर कोण जगते यावरून ठरते. बहुतेक वनस्पती आपल्या पानांत कीटकांना मारक अशी रसायने साठवतात आणि एखाद्या कीटकाला ते विष पचवण्याची क्षमता येण्यास उत्क्रांतीची हजारो वर्षे लागतात. साहजिकच बहुसंख्य सुरवंट ठरावीक वनस्पतींवरच पोसले जातात. अशा वनस्पतीला त्या फुलपाखराची ‘खाद्य वनस्पती’ म्हणतात. महाराष्ट्राने २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेल्या ‘ब्लू मॉरमॉन’चा सुरवंट माकडलिंबू आणि लिंबूवर्गातील इतर झाडांची पाने खातो. त्याच्याच कुळातील छोटे भाईबंद डोंबिवलीतील खिडकीच्या ग्रीलमध्ये ठेवलेल्या कढीपत्त्यावरही सापडतात: अंड्यातून बाहेर पडल्यावर पहिले काही दिवस हा सुरवंट काळपट-पांढरा, हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखा दिसतो, शेवटची कात टाकल्यावर पानासारखा हिरवा होतो, आणि त्याला डिवचले तर डोक्यामागून एक दुभंगलेला, लालसर, उग्र वासाचा अवयव बाहेर काढतो. पुष्कळ घरांत या टप्प्यावर त्याच्यावर कीटकनाशक फवारले जाते आणि नंतर शहरात चिमण्या उरल्या नाहीत अशी हळहळ व्यक्त होते. वास्तविक एरवी दाणे टिपणारी चिमणी किंवा मध पिणारा सूर्यपक्षीदेखील आपल्या पिलांना प्रामुख्याने कीटक आणि कोळीच भरवतात. अमेरिकेतील कीटकशास्त्रज्ञ डग्लस टॅलमी यांनी चिकडी नावाच्या चिमुकल्या पक्ष्याचे उदाहरण देऊन दाखवले आहे, की त्याच्या एका विणीची पिले घरट्यात वाढवण्यासाठी सहा ते नऊ हजार सुरवंट लागतात. इतके सुरवंट ज्या बागेत मिळत नाहीत ती कितीही हिरवी दिसली तरी त्या पक्ष्याच्या दृष्टीने ओसाडच असते.

उंबराचे उदाहरण याहून थक्क करणारे आहे. उंबर फोडून केंबरे काढू नयेत असे म्हणतात, पण वनस्पतिशास्त्राला ती काढावीच लागतात. ज्याला आपण उंबराचे फळ समजतो तो खरे तर आत वळलेला फुलोरा असतो. शेकडो सूक्ष्म फुले त्याच्या आतील भिंतीवर असतात आणि बाहेरच्या जगाशी त्यांचा संबंध टोकावरील एका चिंचोळ्या छिद्रापुरताच असतो. या छिद्रातून जेमतेम दोन मिलिमीटर लांबीची एक विशिष्ट जातीची मादी गांधीलमाशी आत शिरते. शिरताना तिचे पंख तुटतात, म्हणून परतीचा मार्ग तिच्यासाठी बंद होतो. आणलेले पराग ती आतील फुलांवर पसरवते, काही फुलांत अंडी घालते आणि तेथेच मरते. पुढच्या पिढीतील बिनपंखी नर आधी बाहेर येतात, माद्यांशी मीलन करतात, फळाच्या भिंतीतून बोगदा कोरतात, आणि पराग घेतलेल्या नव्या माद्या त्या वाटेने दुसऱ्या उंबराच्या शोधात उडतात. त्यांचे आयुष्य एक-दोन दिवसांचे, म्हणून त्या अवधीत कच्ची फळे धरलेला दुसरा उंबर परिसरात सापडला नाही तर सारी पिढी संपते. रस्तारुंदीकरणात एक जुना उंबर गेला आणि त्याच्या बदल्यात पाच शोभेची झाडे लावली, हा हिशेब कागदावर जमेचा दिसत असला तरी येथे लागू पडत नाही, तो यामुळे.

बांडगुळाबद्दलचा राग मात्र सुशिक्षित बागप्रेमीही सोडत नाहीत. आंब्यावर वाढणारे बांडगूळ अर्धपरजीवी असते, म्हणजे पाणी व क्षार आश्रयदात्या झाडाकडून घेते पण अन्न स्वतःच्या हिरव्या पानांत तयार करते. ‘हळदीकुंकू’ या देखण्या नावाच्या फुलपाखराचे सुरवंट याच वर्गातील वनस्पतींवर वाढतात, आणि फुलटोचा हा अंगठ्याएवढा पक्षी बांडगुळाची चिकट फळे खाऊन बिया फांदीवर पुसून टाकतो. झाड दुबळे झाले असेल तर बांडगूळ छाटावे. सरसकट निर्मूलनाचा आग्रह धरण्याचे कारण नाही.

परदेशी झाडांवर सरसकट फुली मारणेही शास्त्रीय नव्हे. मादागास्करचा गुलमोहर किंवा अमेरिकेतून आलेला रेन ट्री पावसाळ्यात कोसळला की दोष त्याच्या जन्मभूमीला दिला जातो, परंतु बुंध्यापर्यंत ओतलेले काँक्रीट आणि एका बाजूने केलेली बेसुमार छाटणी यांनी स्थानिक झाडही तितक्याच सहज आडवे होते. खरा धोका आक्रमक परकीय वनस्पतींचा, म्हणजे माणसाच्या मदतीवाचून पसरून मूळ वनस्पतींना हटवणाऱ्यांचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात शोभेसाठी आलेली घाणेरी आज येऊरच्या वाटांवरही दिसते, आणि जेथे तिची जाळी दाटते तेथे खालच्या रोपांना उजेड मिळत नाही.

‘आपलं पर्यावरण’ हे मासिक चालवणारे ठाण्यातील पर्यावरण दक्षता मंडळ आणि मुलुंड-ठाणे पट्ट्यातील मामा-भांजे डोंगरावर वृक्षारोपण करणारी ‘हरियाली’ यांच्यासारख्या स्वयंसेवी संस्थांनी या कामाला शिस्त लावली. डोंबिवलीजवळच्या उंबार्ली टेकडीवर सुटीच्या दिवशी टिकाव-घमेली घेऊन जाणारे निसर्गप्रेमी त्याच वाटेवरचे. बाहेरून पाहणाऱ्याला रोप लावणे हाच या कामाचा गाभा वाटतो, पण तो वर्षातील सर्वांत सोपा भाग असतो. काम सुरू होते ते बी गोळा करण्यापासून, आणि त्यासाठी निरोगी, जुनी ‘मातृवृक्ष’ ठरणारी झाडे आधी हेरून ठेवावी लागतात. तीही एकाच जातीची अनेक, कारण एकाच झाडाच्या बियांपासून उभी केलेली झाडी आनुवंशिकदृष्ट्या कमकुवत राहते.

बहाव्याची हातभर लांब, काळी शेंग फोडली की आत नाण्यांच्या चळतीसारखे कप्पे दिसतात आणि प्रत्येक कप्प्यात चिकट गरात एकेक चपटे, तपकिरी बी असते. ते तसेच पेरले तर महिनोन्‌महिने उगवत नाही, कारण त्याचे कवच पाण्याला अभेद्य असते. वनात कोल्ह्याच्या किंवा माकडाच्या पोटातून गेल्यावर ते झिजते, रोपवाटिकेत ते काम सँडपेपरवर बियांची कड घासून किंवा ती गरम पाण्यात भिजवून करावे लागते. सागाच्या फळांना आलटून पालटून भिजवणे आणि उन्हात वाळवणे मानवते. उगवलेले रोप काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत दोन-तीन वर्षे राहिले तर सोटमूळ तळाशी वेटोळे घालते, आणि असे झाड जमिनीत गेल्यावरही ते वेटोळे सुटत नाही. म्हणून जाणते स्वयंसेवक उंच रोपापेक्षा पिशवीत वेळेवर वाढलेले लहान रोप पसंत करतात, जरी उद्घाटनाच्या छायाचित्रात ते उठून दिसत नसले तरी.

महाराष्ट्र शासनाच्या वृक्षारोपण मोहिमेचे लक्ष्य २०१७ मध्ये चार कोटी, २०१८ मध्ये तेरा कोटी आणि २०१९ मध्ये तेहतीस कोटी रोपांचे होते. संख्येच्या या ओघात अंबरनाथ तालुक्यातील मांगरूळच्या टेकडीवर जुलै २०१७ मध्ये हजारो हातांनी सुमारे एक लाख रोपे लावली, आणि पुढच्या काळात त्या टेकडीवर वारंवार आगी लागल्या. येथील टेकड्यांवर पावसाळ्यात कमरेइतके गवत माजते, डिसेंबरपर्यंत ते काडीसारखे वाळते, आणि एका ठिणगीने पेटलेला वणवा तीन वर्षांची रोपे तासाभरात खाऊन टाकतो. त्यावर उपाय एकच आणि कष्टाचा: पावसाळा संपताच काही मीटर रुंदीच्या पट्ट्यातील गवत मुळापासून काढून ‘जाळरेषा’ आखणे, म्हणजे आग त्या उघड्या मातीपाशी अडते. रोपाभोवतीचे आळे साफ ठेवणे आणि कापलेले गवत बुंध्यापासून दूर टाकणे हाही त्याचाच भाग. जुलैत गर्दी करणाऱ्यांपैकी फार थोडे लोक नोव्हेंबरात कोयता धरायला येतात. गटाची खरी पटसंख्या तेव्हा कळते.

झाड ओळखणे हे या साऱ्याच्या आधीचे काम. या भागासाठी अजूनही आधार मानला जाणारा ‘द फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे’ हा ग्रंथ थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध केला. हे गृहस्थ मूळचे रेल्वेचे अभियंता, आणि वसईच्या खाडीवरील लोखंडी पूल ही त्यांची आधीची कामगिरी. परंतु ग्रंथांत नसलेले ज्ञान ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीच्या बाजारांत दर पावसाळ्याच्या तोंडाशी रस्त्यावर मांडलेले असते. आदिवासी स्त्रिया शेवळांच्या जुड्या घेऊन बसतात आणि सोबत काकडाची आंबट, हिरवी फळे ठेवतात. शेवळ हा सुरणाच्या गोत्रातील, पश्चिम घाट परिसरात प्रदेशनिष्ठ असलेल्या कंदाचा फुलोरा; त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात आणि ते घशाला खाजवतात, म्हणून भाजीत काकडाचा आंबटपणा घालण्याची रीत पडली. भाजी घेणाऱ्या घरांना काकडाचे फळ ठाऊक असते, झाड मात्र क्वचितच, आणि रोपवाटिकांच्या यादीत ते शोधूनही सापडत नाही. याच स्त्रियांच्या टोपलीतील फोडशी या रानभाजीच्या गोत्रातील एका जातीला, म्हणजे सफेद मुसळीला, येऊरच्या पलीकडच्या बोरिवलीचे नाव मिळाले आहे. सांतापाव आणि फर्नांडिस यांनी १९५५ मध्ये तिचे वर्णन केले.

शेवळ आणि फोडशी यांच्याकडे पाहिले की वृक्षारोपणाच्या उत्साहातील एक उणीवही ध्यानात येते. स्थानिक वनस्पती म्हणजे केवळ वृक्ष नव्हेत. उघड्या, पातळ मातीच्या उतारांवर तेरडा, कवला, नभाळी, रानहळद आणि नाना जातींची गवते हेच मूळ रहिवासी असतात, चंडोलासारखे पक्षी त्या गवतातच घरटी करतात, आणि तेथे दाट झाडी उभी केली तर या साऱ्या वनस्पती सावलीत मरतात. जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ अकिरा मियावाकी यांच्या पद्धतीत एका चौरस मीटरमध्ये तीन-चार रोपे लावतात. महामार्गालगतच्या उजाड पट्ट्यात ती उपयोगी पडेल, गवताळ टेकडीवर नाही. स्थानिक जातीही एकसुरी लावल्या तर त्रासदायक ठरतात: सातवीण पश्चिम घाटातीलच, परंतु रस्त्याच्या दुतर्फा तिचीच रांग लावल्यावर ऑक्टोबरच्या रात्री तिच्या फुलांचा उग्र दर्प अनेक शहरांत तक्रारीचा विषय झाला आहे.

येऊरच्या उतारांवरील कारवी या झुडपाचा कारभार तर आणखी लांब पल्ल्याचा आहे. ज्या कारवीच्या काठ्यांवर शेणमाती लिंपून कुडाच्या भिंती उभ्या राहत, ती सात वर्षे नुसती वाढते, आठव्या वर्षी एकाच वेळी जांभळी फुलते, बी धरते आणि मरते. राष्ट्रीय उद्यानात ती २००८, २०१६ आणि २०२४ मध्ये फुलली. वाळलेली फळे मृत झुडपांवर तशीच राहतात आणि पावसाचे पाणी लागताच तडतडून फुटत बी फेकतात, त्यामुळे तिथली नवी पिढी आज रोपावस्थेतच आहे. पुढचा फुलोरा २०३२ मध्ये अपेक्षित आहे, आणि तोपर्यंतच्या प्रत्येक हिवाळ्यात या उतारांच्या पायथ्याशी जाळरेषा आखावीच लागणार आहे.