जुन्या स्पॉटिंग स्कोपला झूम आयपीस बसवताना

मामाचा जुना ६० मिमीचा स्कोप घेऊन लोणारला गेलो होतो. विवराचा व्यास साधारण १.८ किमी. काठावरून पलीकडच्या पाण्यातले चक्रवाक म्हणजे नुसते ठिपके. जुना आयपीस एकाच पॉवरचा. म्हटलं, झूम बसवू.

आधी मोजमाप घ्या. आकाश बघायच्या दुर्बिणींचे आयपीस बहुतेक सव्वा इंची, म्हणजे ३१.७ मिमी. जुन्या स्कोपला मात्र कंपनीचे स्वतःचे आटे असतात. मध्ये अडॅप्टर लागतो. मी लेथवर करून घेतला.

बसवला, तर जवळची बाभूळ स्पष्ट आणि लांबचा काठ धूसर! लांबच्या वस्तूची प्रतिमा पुढच्या भिंगाच्या जास्त जवळ पडते, अन् माझा आयपीस जरा बाहेर राहिला होता. अडॅप्टर ५ मिमी कापला, काम झालं. म्हणून टेस्ट घरात नको, लांबच्या टॉवरवर करा.

आता गणित. पुढच्या भिंगाचं नाभीय अंतर भागिले आयपीसचं. माझं ४००, झूम २४ मिमीवर साधारण १७ पट, ८ मिमीवर ५० पट. पण ६० ला ५० नं भागा: डोळ्यात येणारा झोत फक्त १.२ मिमी. चित्र अंधारतं. दुपारी तापलेली हवा थरथरते, ते वेगळंच. मी पक्षी १७ वर शोधतो आणि तिशीच्या आसपास थांबतो.

सूर्याकडे स्कोप कधीच नाही, डोळा कायमचा जाईल. आणि जुना आयपीस फेकू नका. मामाला अजून तोच आवडतो!